पाकिटांचे गायरान

गावाला गायरान असते. त्याच्या उताऱ्यावर कुणा एकाचे नाव नसते, गुरे मात्र सगळ्यांची चरतात. किती सोडायची, पाण्यावर आधी कोणाची न्यायची, याचे कागद कोणी केलेले नसतात. तरी पिढ्यान्‌पिढ्या ते चालते. मग एखाद्या दिवशी मोजणीदार साखळी घेऊन येतो आणि गावाला कळते, की या पडीक जागेलाही किंमत आहे.

आकाशातही अशी गायराने आहेत. रेडिओलहरींचा सगळा पट्टा सरकारांनी वाटून टाकला आहे. एक तुकडा आकाशवाणीचा, एक पोलिसांचा, एक विमानांचा, एक लष्कराचा. या वाटणीत काही अरुंद पट्ट्या हौशी लोकांसाठी राखलेल्या आहेत. परीक्षा द्यायची, दिल्लीहून परवाना मिळवायचा, सरकार देईल ते कॉलसाइन नावापुढे लावायचे आणि त्या पट्टीत जगातल्या कुणाशीही बोलायचे. याच पट्ट्यांवर १९७८ पासून पुढची वीसेक वर्षे हौशी मंडळींनी संगणकांचे एक बिनतारी जाळे विणले. त्याला मालक नव्हता, महिन्याचे बिल नव्हते, कुलूपही नव्हते. इंग्रजीत त्याला पॅकेट रेडिओ म्हणतात. मी सरळ पाकीट म्हणतो, कारण वर पत्ता, खाली पाठवणाऱ्याचे नाव आणि आत मजकूर हेच त्याचे खरे रूप. इंटरनेटच्या इतिहासात या जाळ्याला एखादी ओळ मिळाली तर मिळते. बेळगावात बसून त्याचा एक धागा काही वर्षे माझ्याही हातात होता, म्हणून ही हकीकत लिहितो आहे.

हौशी रेडिओ आपल्याकडे नवा नव्हे. कलकत्त्याच्या अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना १९२१ साली परवाना मिळाला, ते देशातले पहिले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मे महिन्यात हौशी मंडळींची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली ती महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये. इंदूरच्या वाचकांना महू म्हणजे अंगणच. पुढे संस्थेचे बिऱ्हाड दिल्लीला गेले. हैदराबादेत १९८३ साली राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था उभी राहिली आणि दक्षिणेत परवानेधारक वाढले. १९८४ साली आयात सेटवरील जकात माफ झाली, हेही एक कारण. राजीव गांधी स्वतः परवानेधारक होते आणि व्हीयू२आरजी हे त्यांचे कॉलसाइन बिनतारी जगात अनेकांना तोंडपाठ होते.

या छंदाचे कायदे कडक आहेत आणि पुढच्या गोष्टीसाठी ते लक्षात ठेवावे लागतील. आपल्याकडचे नियम १९७८ सालचे. व्यापाराचे बोलायचे नाही. पैसे घेऊन निरोप पोचवायचे नाहीत. गुप्त लिपी वापरायची नाही. बोलणे साध्या भाषेत, कोणीही ऐकावे असे. प्रत्येक संभाषणात आपले कॉलसाइन सांगायचे. थोडक्यात, चावडीवर बसून बोलण्याचा हा प्रकार आहे, खोलीचे दार लावून नव्हे.

आता संगणकाकडे येऊ. संगणकाने संगणकाशी बिनतारी बोलावे, ही कल्पना हौशी लोकांची नव्हती. ती हवाई विद्यापीठात जन्मली. तिथे बेटे अनेक, मधे समुद्र, आणि टेलिफोनच्या तारा महाग व बेभरवशाच्या. नॉर्मन अब्रामसन हे प्राध्यापक तिथे गेले ते समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याच्या नादाने. नोकरी हे निमित्त, असे ते स्वतःच सांगत. त्यांच्या चमूने जून १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केले. मध्यवर्ती यंत्राला त्यांनी मेनेहुने हे नाव दिले. हवाईच्या लोककथांतली ही बुटकी माणसे रात्रीत बांधकामे उभी करून नाहीशी होतात म्हणे.

अलोहाची युक्ती धाडसी होती. सगळ्यांना एकच फ्रिक्वेन्सी. ज्याला बोलायचे त्याने बोलून टाकावे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाईल, पोच येणार नाही. मग प्रत्येकाने वाटेल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलावे. या गोंधळातून किती काम निघते याचे गणित मांडले तेव्हा उत्तर आले शेकडा १८.४. शंभरातली ब्याऐंशी टक्के जागा मोकळी जाते नाहीतर टकरीत खर्च होते. कोणत्याही कारखानदाराने असे यंत्र भंगारात काढले असते. पण ज्यांच्याजवळ वाटणी करणारा मुकादम नाही, त्यांना ही शेकडा अठरा म्हणजे पर्वणी होती. बॉब मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेत इथरनेटचा आराखडा केला तो हाच विचार सुधारून. कचेऱ्यांतल्या संगणकांच्या तारा त्याच वंशातल्या.

हौशी मंडळींच्या हाती हे यायला आड होता तो कायदा. अमेरिकेत त्यांना मोर्स आणि टेलिप्रिंटरचा जुना पाच बिटांचा संकेत एवढेच मोकळे होते. संगणकाचा आस्की संकेत हवेत सोडणे नियमात बसत नव्हते. यंत्रे तयार, माणसे तयार, परवानगी नाही, हे आपल्याला काही नवे नाही. पुढाकार घेतला तो कॅनडाने. तिथल्या दळणवळण खात्याने १९७८ साली पाकिटांना नुसती परवानगी दिली नाही, तर अंकीय संदेशांसाठी वेगळे प्रमाणपत्रच काढले. ३१ मे १९७८ रोजी माँट्रियलच्या हौशी लोकांनी पहिले पाकीट हवेत सोडले. अमेरिकेचे दार १७ मार्च १९८० ला उघडले आणि त्याच डिसेंबरात हँक मॅग्नुस्की यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पाकिटे झेलून पुढे फेकणारे पहिले केंद्र चालू केले. मला तरी या हकीकतीत सगळ्यात मोठा शोध हा वाटतो, की कॅनडातल्या कुठल्याशा सरकारी टेबलावर एका अधिकाऱ्याने नकाराचा शेरा मारला नाही.

मधली पेटी मात्र कोणाकडे नव्हती. संगणक आणि रेडिओ यांची भाषा एक नाही. संगणक शून्य आणि एक एवढेच जाणतो, तर रेडिओच्या माइकला हवा असतो आवाज. व्हँकुव्हरच्या डग लॉकहार्ट यांनी दोघांमधला दुभाषी तयार केला, त्याला टर्मिनल नोड कंट्रोलर हे नाव दिले आणि मंडळाच्या सभासदांना १९८० पासून त्याचे सर्किट-बोर्ड मिळू लागले. सगळे त्याला टीएनसी म्हणतात. एका बाजूने संगणकाच्या सीरियल पोर्टची तार, दुसऱ्या बाजूने रेडिओच्या स्पीकरची, माइकची आणि बटणाची. बटणाची तार महत्त्वाची. तीमुळे पेटी स्वतःच सेट चालू करते, बोलते आणि बंद करते.

इथे एक वाद झाला आणि माझ्या मते साऱ्या कहाणीचे मर्म त्यात आहे. व्हँकुव्हरच्या पद्धतीत मुख्य केंद्र प्रत्येक येणाऱ्याला एक क्रमांक देई. पत्ता म्हणजे तो क्रमांक, एका बाइटात मावणारा. सुटसुटीत पद्धत, पण क्रमांक वाटायला कोणीतरी हवा; तो कोण, आणि त्याचे यंत्र बंद पडले तर काय? ऑक्टोबर १९८२ मध्ये निरनिराळ्या गटांची बैठक भरली. ती बोलावणारे टॉम क्लार्क नासात काम करणारे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ होते. ठरले असे, की पत्ता म्हणजे कॉलसाइन. पाठवणाऱ्याचे पूर्ण कॉलसाइन आणि घेणाऱ्याचे पूर्ण कॉलसाइन, प्रत्येक पाकिटावर, दरवेळी. दोन्ही मिळून चौदा बाइट. ‘हो, पोचले’ एवढे सांगणाऱ्या चिठ्ठीवरही हा चौदा बाइटांचा बोजा. काटकसरीच्या दृष्टीने ही उधळपट्टीच. पण त्यामुळे मुकादमाची गरज संपली. ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्याकडे पत्ता आहे. निनावी पाकीट निघूच शकत नाही. या नियमावलीचे नाव एएक्स.२५, आणि १९८४ साली पक्की झालेली तिची दुसरी आवृत्ती नंतर कित्येक वर्षे तशीच चालली.

अॅरिझोनातल्या टूसॉन शहरातील हौशी मंडळींनी मग टीएनसीचे संच विकायला काढले. १९८५ चा त्यांचा दुसरा नमुना झेड८० प्रोसेसरवर चाले. त्याचा आराखडा त्यांनी कारखानदारांनाही वापरू दिला. नफ्यासाठी काढलेली संस्था नव्हती ती, म्हणून हे घडले. दोन-तीन वर्षांत त्याच आराखड्याच्या पेट्या निरनिराळ्या नावांनी बाजारात दिसू लागल्या.

आत काय चालते ते थोडे सांगतो; ज्यांना रस नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा. पेटी दोनच सूर जाणते, १२०० हर्ट्झचा आणि २२०० हर्ट्झचा. सेकंदाला बाराशे बिट या दोन सुरांत गुंफले जातात. कानाला ते तेलात मोहरी तडतडावी तसे लागते, क्षणभर, की संपले. पाकिटाच्या दोन्ही टोकांना उंबरठा असतो: शून्य, सहा वेळा एक, शून्य. मग मजकुरातच सहा एक लागोपाठ आले तर? आतला दगड उंबरठा समजला जाईल. म्हणून पाठवणारी पेटी पाच एक झाले की गुपचूप एक शून्य घुसवते आणि घेणारी तो काढून टाकते. मजकूर एका पाकिटात जास्तीत जास्त २५६ बाइट. शेवटी ताळ्याचा आकडा. घेणारा पुन्हा बेरीज करतो. ताळा जमला तर पोच देतो, नाही जमला तर गप्प बसतो. चुकीचे पाकीट दुरुस्त करत बसायचे नाही, पुन्हा मागवायचे, हा रिवाज मला फार आवडतो.

आणि अलोहाहून एक गोष्ट इथे निराळी होती. पेटी बोलण्याआधी ऐकते. कोणी बोलत असेल तर थांबते. ते संपले तरी लगेच तोंड उघडत नाही, कारण थांबलेले आणखीही असतील. मनातल्या मनात फासा टाकते आणि दान पडले तर बोलते. शाळेत मास्तरांनी छडीने शिकवलेली शिस्त ती. इथे ती चिपमध्ये कोरलेली होती.

पेटी परदेशी आणि दाम डॉलरमधले, त्यामुळे आपल्याकडे १९९० च्या आसपास ती मोजक्यांकडेच होती. आम्हां बाकीच्यांना आधार दिला तो बव्हेरियातल्या जर्मन हौशी मंडळींनी. त्यांनी हिशेब केला, की टीएनसीतला प्रोसेसर जे काम करतो ते टेबलावरचा संगणकच का करू नये? त्यांच्या बेकॉम या प्रोग्रॅमला लागे एक छोटा मोडेम, एका चिपचा. ती चिप टीसीएम३१०५. तिला वेगळा वीजपुरवठासुद्धा नको. सीरियल पोर्टच्या तारांतून मिळेल तेवढ्या विजेवर ती भागवून घेई. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माझ्यासाठी एक चिप आली. तिला ठोका द्यायला हवा होता ४.४३३६ मेगाहर्ट्झचा स्फटिक. हा आकडा ऐकून खडेबाजारातला टीव्ही दुरुस्त करणारा हसला आणि त्याने खणातून मूठभर काढून समोर ठेवले. आपल्या दूरदर्शनचे रंग तेव्हा ज्या पाल पद्धतीने येत, तिचा रंगाचा ठोका नेमका तोच. जर्मनीतही पालच होती, म्हणून त्या मंडळींनीही स्वस्तातला तोच स्फटिक घेतला असावा, असा माझा तर्क. चहाच्या दोन कपांच्या किमतीत काम झाले.

टिळकवाडीतून वडगावात माझे पहिले पाकीट गेले. सायकलने पंधरा मिनिटांचे अंतर. घरच्यांनी विचारले, निरोपच द्यायचा होता तर जाऊन का नाही आलात? याला उत्तर नाही. पण पडद्यावर ‘कनेक्टेड’ हा शब्द आला, तेव्हा दोन घरांच्या मधे कोणतीही तार नव्हती आणि कोणत्याही खात्याची खिडकी नव्हती. १९९२ साल होते. आमच्या आळीत टेलिफोनसाठी नाव नोंदवून वाट पाहणारी माणसे होती.

वडगावच्या स्नेह्यांचा छापखाना होता. मराठी आणि कानडी, दोन्ही कामे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड त्यांच्या संगणकात होते. मीही एक मागून आणून बसवले. म्हटले, इंग्रजीत ‘हवामान कसे आहे’ किती दिवस विचारायचे! मराठीत एक पत्र लिहून सोडले. ते पोचले, ताळा जमला, पोच आली. पण पलीकडे पडद्यावर ‘क ख ग’ च्या जागी इंग्रजी तीन, चार, पाच उमटले आणि ‘अ’ च्या जागी डॉलरची खूण. कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. भारतीय लिप्यांचा इस्की हा प्रमाणसंकेत, १९९१ साली मानक संस्थेने ठरवलेला, इंग्रजी अक्षरांना धक्का न लावता आपली अक्षरे आठव्या बिटाच्या वरच्या माळ्यावर ठेवतो. त्यांची विकतची टीएनसी मात्र कारखान्यातून निघताना सात बिटांवर लावलेली होती, कारण इंग्रजीला सात पुरतात. ती आठवा बिट छाटून टाकी. माळा कापला की ‘क’ खाली पडतो तो नेमका तीनच्या आकड्यावर, आणि ‘अ’ डॉलरवर. ‘अ’ चा डॉलर होतो हे त्या काळात जरा जास्तच सूचक होते. दोन आज्ञा देऊन पेटी आठ बिटांवर आणली आणि मराठी जशीच्या तशी उतरली.

खरी गंमत पुढे आहे. इस्कीत ‘क’ चा आकडा देवनागरीत आणि कानडीत एकच. लिपी ठरवते ते कार्ड. स्नेह्यांनी एक कळ दाबली आणि माझे मराठी पत्र, तेच पाकीट, तोच ताळा, कानडी लिपीत समोर उभे राहिले. कानडी वाचणाऱ्या त्यांच्या जुळाऱ्याने ते अडखळत पण अचूक मराठी वाचून दाखवले. बेळगावात दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली यावरून काय काय झाले ते इथल्या वाचकांना सांगायला नको. हवेत मात्र पाकिटावर लिपी नव्हतीच. मी बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत बसलो होतो.

परवान्यात गुप्त लिपी वर्ज्य, मग इस्की चालते का, अशीही शंका कोणीतरी काढली. प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय मानक गुप्त कसे असेल? वाद तिथेच मिटला.

जाळे वाढले की त्याचे दुखणेही कळते. दोन मीटरच्या पट्टीतल्या या लहरी, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की संपल्या. समजा बेळगावात एक केंद्र आहे, सावंतवाडीत दुसरे, आणि आंबोलीच्या माथ्यावर पाकिटे पुढे फेकणारा डिजिपीटर. माथ्यावरून दोन्ही बाजू ऐकू येतात. पण बेळगावला सावंतवाडी ऐकू येत नाही, सावंतवाडीला बेळगाव. दोघेही शिस्तीने आधी ऐकतात, शांतता आहे असे समजून बोलतात, आणि माथ्यावर दोघांचीही टक्कर होते. दोघांनी नियम पाळलेला, तरी दोघांचे नुकसान. याला लपलेल्या केंद्राचा प्रश्न म्हणतात आणि त्यावर पुरता उपाय निघाला नाही. (याच आंबोलीच्या जंगलातून नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीचे गुप्त रेडिओकेंद्र सुरू केले होते. डोंगराचा माथा रेडिओला काय देतो, हे या घाटाला जुनेच ठाऊक.) परदेशांत मोठ्या शहरांभोवती संध्याकाळी इतकी केंद्रे जागी होत, की बाराशे बिटांचा वेग नावालाच उरे. हा लेख इस्कीत सोळा-सतरा हजार बाइटांचा होईल. हिशेबाने त्याला दोन मिनिटे पुरावीत. गर्दीच्या वेळी अर्धा तास लागला तरी नवल नव्हते.

म्हणून मेलबॉक्स आले. माणूस नसला तरी यंत्र पत्र ठेवून घेई आणि रात्री गर्दी ओसरली की पुढच्या गावच्या यंत्राकडे पोचते करी. हँक ओरेडसन यांचा मेलबॉक्सचा प्रोग्रॅम १९८० नंतरच्या दशकात फार चालला. गावोगावच्या हौशी लोकांनी आपापल्या घरातला एक संगणक या कामी जुंपून ठेवला, विजेचे बिल स्वतः भरून. जपानने ऑगस्ट १९८६ मध्ये सोडलेल्या फुजी उपग्रहात तर मेलबॉक्सच बसवलेला होता. जानेवारी १९९० मध्ये एकाच अग्निबाणाने असे आणखी लहान उपग्रह वर गेले. त्यातल्या सरे विद्यापीठाच्या एका उपग्रहावरून आफ्रिकेतल्या डॉक्टरांना वैद्यकीय मजकूर पोचवला जाई. उपग्रह म्हणजे फिरता पोस्टमन. डोक्यावरून जाताना पत्रे उचलायची आणि जिथे पत्ता असेल तिथे टाकायची.

त्या पोस्टमनवरच खटल्याची पाळी आली ती जमिनीवर. जानेवारी १९९१, आखाती युद्ध तोंडावर. अमेरिकेत कोणीतरी युद्धविरोधी निरोप मेलबॉक्समध्ये टाकला. त्यात एक टेलिफोन क्रमांक होता, ज्यावर फोन केला की पैसे लागत. म्हणजे धंदा, आणि हौशी पट्टीत धंदा वर्ज्य. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नोटिसा काढल्या त्या लिहिणाऱ्यापुरत्या नव्हत्या. ज्यांच्या यंत्रांनी ते पाकीट आपोआप पुढे ढकलले होते, त्या मेलबॉक्सवाल्यांनाही काढल्या. ही माणसे तेव्हा झोपलेली असतील, जेवत असतील. त्यांचा गुन्हा काय, तर यंत्र चालू होते. कायद्याच्या दृष्टीने कॉलसाइन त्यांचे, म्हणून जबाबदारी त्यांची. प्रत्येक पाकिटावर आपले नाव लावण्याचा जो नियम अभिमानाचा, त्यानेच गळफास घातला. हलकल्लोळ झाला. काहींनी मेलबॉक्स बंद केले, काही प्रत्येक पत्र वाचूनच पुढे सोडू लागले. काही वर्षांनी नियम बदलला: जबाबदार तो लिहिणारा, आणि पहिल्यांदा पुढे पाठवणाऱ्याने आपली काळजी घ्यावी, मधल्यांना अभय. दुसऱ्याचा मजकूर वाहणाऱ्याला त्या मजकुराचा दोष किती, हा वाद इंटरनेटवाल्यांनी पुढे कोर्टाकोर्टांतून भांडला. आमच्या पाकीटवाल्यांनी तो आधीच भोगला होता.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. आधी महानगरे, मग बाकीची गावे. बेळगावात ते पोचेपर्यंत आमचे तडतडणे चालू होते. नंतर एकेक संगणक रेडिओपासून सुटला आणि टेलिफोनला जोडला गेला. कुरकूर करण्यात अर्थ नाही. बाराशे बिटांच्या पाऊलवाटेने कोण जाईल, समोर हमरस्ता असताना? वडगावच्या स्नेह्यांनी टीएनसी कपाटात ठेवली, वर कागदाचे रीम रचले. आवाजाचा रेडिओ मात्र कपाटात गेला नाही. भूज २००१ साली हादरले आणि डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमान तोडले, तेव्हा हौशी केंद्रे बोलतच होती. पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद आधीच आपले केंद्र घेऊन पोचलेल्या होत्या.

मोजणीदार आला तो २०१९ साली. मॅग्नुस्की यांनी १९८१ मध्ये हौशी रेडिओसाठी इंटरनेटचे पत्ते मागून घेतले होते. तेव्हा कोणाला त्याचे अप्रूप नव्हते; मागेल त्याला मिळत. त्यांना मिळाला ४४ या अंकाने सुरू होणारा सगळा गट, १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा. पुढे जगात पत्ते संपले आणि जुन्या पत्त्यांना भाव आला. ज्या संस्थेकडे या गायरानाचे कागद होते तिने त्यातला पाव हिस्सा, सुमारे ४२ लाख पत्ते, अॅमेझॉन कंपनीला विकला. किंमत दहा कोटी डॉलर्सच्या वर. बातमी आली ती सौदा झाल्यावर. जगभरच्या हौशी लोकांत दोन तट पडले. एकांचे म्हणणे, कोणी वापरत नव्हते ते विकले आणि त्या पैशातून शिष्यवृत्त्या, मनोरे, नवे प्रयोग होताहेत, बिघडले काय? दुसऱ्यांचे म्हणणे, सर्वांच्या नावाने घेतलेली जमीन मूठभर विश्वस्तांनी कोणाच्या सहीने विकली? मी दुसऱ्या तटातला आहे, पण पहिल्या तटाच्या पैशातून झालेली कामे मी पाहिली आहेत आणि ती चांगली आहेत.

टीसीएम३१०५ आता कारखान्यात बनत नाही. तिची गरजही नाही. संगणकातले आवाजाचे कार्डच ते दोन सूर काढते आणि ओळखते, डायरवुल्फसारखा फुकट प्रोग्रॅम मिळतो, आणि मोडेम म्हणून एक तार व दोन-चार सुटे भाग पुरतात. सूर तेच, १२०० आणि २२००. त्याच पाकिटांवर बॉब ब्रुनिंगा यांनी बसवलेली एपीआरएस पद्धत गाड्या, फुगे आणि हवामानकेंद्रे यांचा ठावठिकाणा सांगते.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरील हौशी रेडिओ १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पाकिटे उचलून पुन्हा खाली फेकण्याचे काम करत आला आहे. स्थानक क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटे मिळतात. तेवढ्यात बेळगावचे पाकीट हैदराबादेत, ग्वाल्हेरात एकाच वेळी ऐकू येऊ शकते. मधे कोणताच डोंगर नसतो. पावसाळा संपला की मी गच्चीवर अँटेना चढवतो आणि अशा एखाद्या फेरीत पाकीट सोडतो. गर्दी खूप असते, एका वेळी साऱ्या उपखंडातली पाकिटे माथ्यावर आदळत असतात. बहुतेक वेळा काही परत येत नाही. कधी येते. पडद्यावर माझे कॉलसाइन, त्यापुढे स्थानकाचे, आणि स्थानकाच्या नावाला चिकटलेली एक बारीक चांदणी. पाकीट पुढे गेले, एवढाच त्या चांदणीचा अर्थ.